वेंडीच्या मरणाला आधार काय

मंगळवारी सकाळी, चहाचा दुसरा कप हातात असताना, वेंडी ओल्ड्रॉयडला कळलं की आपण मेलो आहोत. बातमी तशी जुनी होती, दहा वर्षांपूर्वीची. तिच्यापर्यंत पोचायला उशीर झाला एवढंच. ती शोधत होती पणजोबांच्या एका भावाला, जो कॅनडाला जातो म्हणून इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समधून निघाला आणि बहुधा लिव्हरपूलच्या पुढे गेलाच नाही, आणि त्याला शोधता शोधता कुणा अर्नॉल्ड मिजली नावाच्या माणसाने इंटरनेटवर मांडून ठेवलेल्या तिच्या माहेरच्या बॅराक्लफ घराण्याच्या वंशवृक्षात येऊन पडली होती. वृक्ष मोठा होता, नीट राखलेला होता. उगाच कुणाला राजाबिजाच्या वंशात नेऊन चिकटवलेलं नव्हतं, त्यामुळे वेंडीला मिजलीबद्दल थोडा आदरच वाटायला लागला होता. आणि मग अगदी खालच्या ओळीत ती होती. वेंडी जोन बॅराक्लफ, जन्म १९५१, हॅलिफॅक्स. मृत्यू १४ मार्च २००९, हॅलिफॅक्स. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हॅलिफॅक्स कसं शक्य आहे, मी तर सत्तर सालापासून लीड्सला राहते. मेले तर लीड्सलाच मरेन ना. हा विचार पुरता करून झाल्यावर मग कप बशीत ठेवताना चहा सांडला, आणि सांडलेल्या चहाकडे पाहून तिला उगीचच बरं वाटलं.

“क्लाइव्ह,” ती आतल्या खोलीतून ओरडली, “अरे, मी मेलेय.”

क्लाइव्ह स्वयंपाकघरात उकडलेलं अंडं सोलत होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो बायकोच्या मेलेल्या माणसांना सरावला होता. जेवताना एखादा पणकाका कॉलऱ्याने जायचा, बागेत बसलं की एखादी जुळी गोवराने जायची. “बरं,” तो म्हणाला. “कधी?”

“दोन हजार नऊला.”

अंडं सोलण्याचा आवाज थांबला. “मग त्यानंतर सुट्टीला टेनेरिफला माझ्याबरोबर कोण आली होती?” असं म्हणून त्याने थोडा वेळ विचार केला असावा, कारण नंतर तो म्हणाला, “तरी म्हटलं, सबंध आठवडा भांडण कसं झालं नाही.”

वेंडी हसली, पण हसू पुरतं आलं नाही. तिने पडद्यावरचं ते नाव पुन्हा वाचलं. जिवंत माणसांची नावं अशा वृक्षांत कुणी उघडी ठेवत नाही. नियमच असतो तो. जिवंतांच्या जागी नुसती एक करडी चौकट असते. नाव दिसायला आधी मरावं लागतं. म्हणजे तिला मारल्यामुळेच ती तिथे दिसत होती. जन्मतारखेसकट, शाळेसकट, बाराव्या वर्षी मिळालेल्या वक्तृत्वाच्या बक्षिसासकट. इतकी नीट तर ती जिवंतपणी कुठेच लिहिलेली नव्हती. दंतवैद्याच्या दवाखान्यात तिने उभा जन्म लोकांना ‘बसा, डॉक्टर बोलावतील’ म्हणण्यात घालवला, तिथून निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या केकवर तिच्या नावात एक अक्षर कमी होतं. इथे एका परक्या माणसाने एकही अक्षर चुकवलं नव्हतं. फक्त जीव तेवढा काढून घेतला होता.

तिने ताबडतोब संदेश पाठवला. सभ्य भाषेत, कारण दर गुरुवारी ग्रंथालयात ती स्वतः दहाबारा जणांना आपापले पूर्वज शोधायला शिकवायची आणि दुसऱ्याची चूक दाखवताना भाषा कशी ठेवावी यावर तिचं एक छोटंसं भाषणच होतं. ‘आपल्या वृक्षात एक किरकोळ चूक आढळली. वेंडी जोन बॅराक्लफ हयात आहेत.’ दुपारी उत्तर आलं. ‘आपल्या आस्थेबद्दल आभारी आहे. मयताशी आपलं नातं काय?’ तिने लिहिलं, ‘मी स्वतःच आहे.’ याचं उत्तर यायला संध्याकाळ झाली. मिजलींनी लिहिलं होतं, ‘आपल्या दाव्याला आधार काय?’

आधार काय! तिचेच शब्द होते हे. गुरुवारच्या वर्गात मिसेस टॉर्डॉफ दर वेळी सांगायच्या की आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं, आमचे आजोबा एका उमरावाचे अनौरस पुत्र होते, आणि वेंडी दर वेळी चष्मा नाकावर घेऊन म्हणायची, “बोललं जातं ते ठीक आहे हो, पण आधार काय?” बिचाऱ्या टॉर्डॉफबाईंचा चेहरा उतरायचा. आता तोच प्रश्न आपल्या अंगावर आल्यावर वेंडीला तो विलक्षण उद्धट वाटला. आणि तरी, खरं सांगायचं तर, बरोबरही वाटला. कुणीतरी उठून म्हणतंय मी जिवंत आहे; म्हणेल! म्हणायला काय जातं?

त्या आठवड्यात बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. दुकानाचं आपोआप उघडणारं दार तिच्यासमोर उघडलं नाही. ती काचेपुढे उभी राहिली, पुढे झाली, मागे झाली, शेवटी एक जाडसर तरुण मागून आला तेव्हा दोघांसाठी मिळून उघडलं. बसवाला हात दाखवूनही पुढे गेला. औषधाच्या दुकानातल्या मुलीने तिच्या खांद्यावरून मागच्या बाईला विचारलं, “बोला, काय हवं?” एरवी ती अशा वेळी खाकरायची, दोन शब्द सुनवायची. आता तिच्या मनात यायचं, यांना ठाऊक आहे की काय? आंघोळीच्या वेळी अंगावर गरम पाणी पडलं की ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहायची. दुपारी बटाटे सोलताना तिला वाटलं, समजा, गेलेच असते दोन हजार नऊला. मग नंतर काय काय हुकलं असतं? न्हाणीघराच्या फरशा बदलल्या. क्लाइव्हचं खुब्याचं ऑपरेशन. टेनेरिफ. शेजारच्या कुत्र्यावरून झालेली कटकट. आणि मेलेली माणसं, शेकड्यांनी. त्या वर्षांत तिने दोन्हीकडची मिळून सतराव्या शतकापर्यंतची माणसं गोळा केली होती. वीणकर, धोबिणी, एक मेंढीचोर, दारू पिऊन कालव्यात पडलेले दोन सख्खे भाऊ, तेही निरनिराळ्या साली. जिवंत माणूस मात्र नवीन असं एकही नाही. जुन्यांतलंही एक कमीच झालेलं. हे मनात आलं तशी तिने सुरी खाली ठेवली, नळ सोडला आणि उगाच हात धुतले.

चौदा मार्च ही तारीख तिला टोचत होती. मेलेल्यांच्या तारखा तिला झोपेतही पाठ होत्या. स्वतःच्या आयुष्यातली तारीख मात्र कुठे बसत नव्हती. आई त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली होती. त्याच्या मागेपुढे काहीतरी.

“सोडून दे ना,” क्लाइव्ह म्हणाला. “तुला काय फरक पडतो? पेन्शन चालू आहे.”

“उद्या तो वृक्ष आणखी दहाजण उतरून घेतील. मग त्यांच्याकडून शंभरजण. चूक अशीच पसरते. शंभर ठिकाणी मेलेली म्हटल्यावर मी कुणाकुणाला सांगत बसू?”

“मला सांगितलंस तेवढं पुरे आहे. तू खरंच गेली असतीस तर स्वयंपाक मला करावा लागला असता. मला कळलं असतं.”

पुढच्या शनिवारी हॅलिफॅक्सला वंशावळवाल्यांचा मेळावा होता आणि मिजलींचं टेबल तिथे असणार होतं. वेंडीने पासपोर्ट घेतला, पासपोर्टची झेरॉक्स घेतली, जन्माचा दाखला घेतला, वर गेल्या महिन्याचं गॅसचं बिल घेतलं, आणि क्लाइव्हने गाडी काढली. चर्चच्या हॉलमध्ये नेहमीची गर्दी होती: स्वेटरातले म्हातारे, पिशव्या सांभाळणाऱ्या बायका, एका टेबलावर खाण कामगारांच्या याद्या, दुसऱ्यावर दफनभूमींचे नकाशे, कोपऱ्यात पातळ चहा आणि आल्याचा केक. सगळ्या चेहऱ्यांवर तो मंद, सुखी भाव होता जो जिवंत माणसांशी बोलायची सक्ती नसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असतो. वेंडीला हे वातावरण माहेरासारखं वाटायचं. अर्नॉल्ड मिजली बारीक, उंच, किंचित पुढे वाकलेले होते. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं. टेबलामागे ताठ बसून ते पेन्सिलीला टोक करत होते.

“मी वेंडी बॅराक्लफ,” ती म्हणाली.

“कुठली?” मिजलींनी मान वर केली. “आमच्याकडे चार आहेत.”

“मेलेली.”

“त्यातल्या तीन मेलेल्या आहेत, बाई.”

तिने पासपोर्ट टेबलावर आपटला. मिजलींनी तो भिंगाखाली धरला, पान उलटलं, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. “जन्मतारीख जुळते,” ते नाइलाजाने म्हणाले. “पण हा काढलाय दोन हजार चौदाला. म्हणजे तुम्ही गेल्यानंतर.”

“अहो, गेल्यानंतर कुणी पासपोर्ट काढतं का?”

“काढू नये. पण या कामात मी पुष्कळ पाहिलंय.” गॅसचं बिल त्यांनी न उघडताच परत केलं. मग बहुधा तिचा चेहरा पाहून त्यांना दया आली, कारण त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, मी काही अंदाजाने लिहीत नाही. तुमच्या बाबतीत माझ्याकडे तोंडी साक्ष आहे. जवळच्या नातलगाची.”

“कुणाची?”

“तुमच्या सख्ख्या बहिणीची. मिसेस एव्हरिल हेलिवेल.”

हॉलमधला आवाज जरा लांब गेला. एव्हरिल. ते नाव तिच्या घरात कुणी उच्चारत नसे, क्लाइव्हही नाही. आणि आता ते एका परक्या माणसाच्या तोंडून, मिसेस वगैरे लावून, ‘साक्ष’ म्हणून आलं होतं. मिजली सांगत होते, शांतपणे, हवापाणी सांगावं तसं. दोन वर्षांपूर्वी ते एव्हरिलकडे गेले होते. तिने चहा दिला, आल्बम दाखवले, सगळ्यांची माहिती दिली. “मग मी विचारलं, आणि धाकटी, वेंडी? त्या म्हणाल्या, ती मला मेली. मी म्हटलं, ऐकून वाईट वाटलं, कधी हो? तर लगेच म्हणाल्या, चौदा मार्च दोन हजार नऊ. लोक तारखेला अडखळतात, बाई. त्या मुळीच अडखळल्या नाहीत. म्हणून माझा विश्वास बसला.”

“मेली म्हणाली, की ‘मला मेली’ म्हणाली?”

मिजलींनी आठवून पाहिलं. प्रामाणिक माणूस होता. “‘मला’ म्हणाल्या. तो ‘मला’ मी काढून टाकला. वंशवृक्षात कोण कुणाला मेलं असा रकाना नसतो.”

आणि तारीख बसली. जागच्या जागी, खटकन. शनिवार होता तो, ओला, वाऱ्याचा. थडग्याचे दगड घडवणाऱ्या माणसाचं आवार, जिकडेतिकडे संगमरवरी धूळ, कोऱ्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या, आणि त्यांच्यामध्ये काळ्या कोटातल्या ती आणि एव्हरिल. आईच्या दगडावर जन्मसाल कुठलं घालायचं? आई जन्मभर सांगत आली की मी सव्वीस सालची. होती ती तेवीसची. वडील पंचवीसचे. नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असणं त्या काळी तिला लाजिरवाणं वाटलं असेल, किंवा तो नाही म्हणेल असं वाटलं असेल. तिने तीन वर्षं खाली उतरवली आणि पुढे साठ वर्षं ती तशीच उतरवून ठेवली. वडिलांना कधी कळलं नाही, निदान कळल्याचं त्यांनी दाखवलं नाही. वेंडीने दाखला काढला होता. “दगडावर खोटं घालायचं?” ती म्हणाली होती. “दगडावर? शंभर वर्षांनी कुणी वाचेल!” आणि एव्हरिल म्हणाली होती, “शंभर वर्षांनी वाचणाऱ्याशी मला काय करायचंय? तिने आपल्याकडे एकच गोष्ट मागितली होती, वेंडी. एकच. तुला तिचा मोठेपणा कळला नाही, तिचं वय तेवढं कळलं.” मग वेंडी काहीतरी बोलली. मग एव्हरिल. कारागीर हातात छिन्नी घेऊन दोघींकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी आपापल्या गाड्यांत बसून दोघी निघून गेल्या, आणि त्या माणसाने वाट पाहून पाहून आईचं नुसतं नाव आणि मृत्यूची तारीख कोरून टाकली. तो दगड अजून तसाच आहे. विनिफ्रेड बॅराक्लफ, जन्मली कधीच नाही, मेली तेवढी.

फोन आधी कुणी करायचा एवढाच मुद्दा होता. वेंडीच्या मते पाळी एव्हरिलची होती. एक महिना गेला, नाताळ आला, कार्ड आलं नाही, तिनेही पाठवलं नाही. मग एव्हरिलचा नवरा वारला ते तिला वर्तमानपत्रातून कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं की आता जाणं म्हणजे कळलं नव्हतं याची कबुली. मग न जाण्याचीच सवय झाली. न जाण्याला काही करावं लागत नाही, ते आपोआप होतं, रोज थोडं थोडं. फक्त दर जानेवारीत, सणाची आवराआवर झाली की, वेंडी मृत्यूंच्या सूचीत एक नाव घालून बघायची. हेलिवेल, एव्हरिल. स्वतःला सांगायची की हे कामाचा भाग आहे, वृक्ष अद्ययावत ठेवायला हवा. नाव सापडायचं नाही. मग ती उठून किटली लावायची, आणि तो चहा वर्षातला सगळ्यात चांगला लागायचा. हे तिने क्लाइव्हलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“दुरुस्ती करायला माझी हरकत नाही,” मिजली म्हणत होते. “पण ज्याने माहिती दिली त्यालाच ती मागे घ्यावी लागते. माझी पद्धत आहे ती.”

“माझीही तीच आहे,” वेंडी तोंडातल्या तोंडात म्हणाली, आणि तिला स्वतःचाच अतिशय राग आला.

एव्हरिल सॉवरबी ब्रिजला राहत होती, जवळच, उभ्या चढावरच्या घरांच्या ओळीत. क्लाइव्हने गाडी चढावर लावली, चाकं फुटपाथकडे वळवली, हॅंडब्रेक दोनदा ओढून पाहिला. “येऊ का मी?” “नको.” “मग मी इथेच बसतो. काही फुटल्याचा आवाज आला तर येतो.” दारापर्यंतच्या पायऱ्या चढताना वेंडीच्या मनात वाक्यं तयार होत होती आणि लगेच मोडत होती. असं बोलायला तुझी जीभ कशी रेटली? हे खूप नाटकी. तुझ्याकडून एक दुरुस्ती हवी होती. हे फार सरकारी. दारावरचा रंग बदललेला होता, निळा झाला होता. लहानपणी दोघी एका पलंगावर झोपायच्या. आई टॉफीच्या कारखान्यातून परतली की तिच्या केसांना जळक्या साखरेचा वास यायचा, आणि एव्हरिल अंधारात कुजबुजायची की आईला चाटलं तर गोड लागेल, आणि एकदा वेंडीने खरंच चाटलं होतं, कोपराला, आणि थप्पड खाल्ली होती, आणि एव्हरिल पांघरुणात तोंड खुपसून हसली होती. हे आत्ता कशाला आठवतंय, असं म्हणत तिने घंटी दाबली.

दार उघडायला वेळ लागला. एव्हरिल काठी घेऊन उभी होती. केस पूर्ण पांढरे, अंगावर बाह्या दुमडलेला पुरुषी शर्ट. नवऱ्याचा असेल.

“तू,” एव्हरिल म्हणाली.

“मी.”

“बरी दिसतेस.”

“मेलेल्याच्या मानाने.”

“कोण मेलं?” एव्हरिलचा चेहरा झटकन बदलला, तिने वेंडीच्या खांद्यावरून खाली गाडीकडे पाहिलं. “क्लाइव्ह?”

“क्लाइव्ह नाही गं, मी! चौदा मार्चला. तू सांगितलंस त्या मिजलीला. त्याने लिहून टाकलं. सगळ्या जगाला दिसतंय ते.”

“त्या लांबड्याने खरंच लिहिलं?” असं एव्हरिलने विचारलं, आणि मग तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, शिट्टी वाजायच्या आधी किटली करते तसा, आणि ती चौकटीला धरून हसायला लागली. काठी खाली पडली. वेंडीने ती उचलली आणि तशीच धरून उभी राहिली. तिला हसू येत नव्हतं. राग येईल असं वाटलं होतं तोही येत नव्हता. हातात बहिणीची काठी तेवढी होती, तिची मूठ गरम होती.

“आत ये,” एव्हरिल डोळे पुसत म्हणाली. “भुतांना दारात उभं करत नाहीत.”

स्वयंपाकघर तेच होतं. एव्हरिलने किटली लावली, वेंडीने न विचारता बरोबर फडताळ उघडून कप काढले, आणि मग दोघींच्याही ते लक्षात आलं. “गुडघा,” एव्हरिलने काठीचं स्पष्टीकरण दिलं. “क्लाइव्हचा खुबा झाला,” वेंडी म्हणाली. “कुठल्या बाजूचा?” “डावा.” “डावा बरा.” थोडा वेळ चहा ओतण्यात गेला.

“मी रागाने म्हटलं होतं,” एव्हरिल म्हणाली. “तो समोर बसून एकेकाचं नाव विचारत होता. हा कधी गेला, ती कधी गेली. तुझं नाव आलं, आणि मला काय सांगावं कळेना. ‘आहे’ म्हणावं तर पुढे विचारणार कशी आहे, कुठे आहे, काय करते. मला कुठे माहीत होतं? त्यापेक्षा मेली म्हणणं सोपं पडलं.”

“तारीख कशी पाठ होती?”

“मग, तुला नव्हती?”

“नव्हती,” वेंडी म्हणाली. आणि मग, कप दोन्ही हातांत धरून, कपाशीच बोलावं तसं, “मी दर वर्षी तुझं नाव बघते. मृत्यूंच्या सूचीत.”

एव्हरिलने आपला कप खाली ठेवला. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. “मग?” तिने विचारलं.

“नव्हतीस.”

“गेले असते तर मीच कळवलं असतं की.”

“कसं?”

“कसं म्हणजे? क्लाइव्हकडे फोन नाही का?” असं म्हणून आपण काय बोललो ते एव्हरिलच्या ध्यानात आलं, आणि या वेळी दोघीही हसल्या, वेंडी आधी, इतक्या की वेंडीच्या नाकातून चहा आला आणि एव्हरिलने तिच्या अंगावर फडकं फेकलं. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मागायला हवी होती का, हे वेंडीला ठरवता येईना. नाकात चहा गेला की फारसं काही ठरवता येत नाही.

मग एव्हरिलने मिजलींना फोन लावला आणि तो टेबलावर मधोमध ठेवला, दोघींना ऐकू येईल असा. मेळाव्याचा गोंगाट मागे ऐकू येत होता. “मिस्टर मिजली, मी एव्हरिल हेलिवेल. आमची वेंडी जिवंत आहे. हो. आधार? माझ्या स्वयंपाकघरात बसलीये, माझा केक खातेय, तिसरा तुकडा आहे. हो, मागे घेते. पूर्णपणे.” मिजलींच्या पेन्सिलीची करकर ऐकू आली. “झालं,” ते म्हणाले. “अभिनंदन, बाई. आता दोघी एकत्र आहातच तर एक विचारून घेऊ का? तुमच्या मातोश्रींच्या जन्मसालाबद्दल माझ्याकडे दोन परस्परविरोधी आधार आहेत.”

गॅसवर पुन्हा ठेवलेली किटली कुरकुरत होती. एव्हरिल खिडकीकडे बघायला लागली. “तिला विचारा,” ती म्हणाली. “तिचंच खरं असतं.” हे टोचून म्हटलं होतं की नव्हतं, कळेना. वेंडीने तोंड उघडलं. तेवीस, दाखल्याचा क्रमांकसुद्धा तिला पाठ होता. पण डोळ्यांपुढे दाखला येईना. आई आली. कारखान्यातून आलेली, आरशापुढे बसून भराभर पावडर लावणारी, कारण वडील यायची वेळ झाली होती. आणि मागे उभ्या दोघी विचारत होत्या, आई, तू किती वर्षांची? आणि आईने आरशातूनच दोघींकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं होतं.

“सव्वीस,” वेंडी म्हणाली.

एव्हरिलने गर्रकन मान वळवली. “तेवीस, मिस्टर मिजली,” ती फोनवर वाकून म्हणाली. “ही थट्टा करतेय.”

“मी थट्टा करत नाहीये. सव्वीस लिहा.”

“अगं, दाखला तूच काढला होतास ना? मग? आता का पलटतेस?”

“आणि तुला काय झालं? तिने एकच गोष्ट मागितली होती म्हणत होतीस ना? त्या बिचाऱ्या कारागिरासमोर ओरडत होतीस!”

“मी ओरडत नव्हते. ओरडत तू होतीस. आणि इतकी वर्षं झाली, विचार करून करून मला पटलं तर तुला त्याचाही त्रास?”

“मग कळवायचं नाही पटलं म्हणून?”

“पाळी तुझी होती!”

“माझी? माझी कशी? एव्हरिल, तूच आधी गाडीत बसलीस!”

“बायांनो,” टेबलावरून मिजलींचा आवाज येत होता, “बायांनो, मी तूर्त प्रश्नचिन्ह टाकतो,” पण ते कुणी ऐकत नव्हतं. वेंडीने पुढे हात टाकून आपसूक चौथा तुकडा घेतला होता आणि तो हातात धरूनच ती भांडत होती, सुरीसारखा रोखून. तेवढ्यात तिची नजर खिडकीबाहेर खाली गेली. क्लाइव्हने गाडीची काच खाली केली होती आणि मान वर करून, डोळे बारीक करून, घराच्या दिशेने कान दिला होता. तो क्षणभर तसाच ऐकत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली, सीट मागे लोटली आणि आता पुष्कळ वेळ लागणार हे ओळखून निवांत डोळे मिटले.